थॅलेसेमिया मायनर निघालंय? आधी नवऱ्याची तपासणी

अगं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर आलं म्हणजे तू बहुधा बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक आहेस (यालाच मायनर म्हणतात), आजारी नाहीस. हिमोग्लोबिन थोडं कमी दिसतं म्हणून लोहाच्या गोळ्या घेत सुटू नकोस. आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपास.

आता नवऱ्याची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) तपासणी, आणि तीही दिवस जायच्या आधी. त्याच्या रिपोर्टमध्ये थॅलेसेमिया नाही, फक्त सिकलसेल एएस (म्हणजे तो सिकलसेल या रक्तविकाराचा वाहक) आहे, म्हणून निर्धास्त होऊ नका. विदर्भात, नंदुरबारकडे असे वाहक बरेच आहेत. थॅलेसेमिया आणि सिकलसेलची जनुकं एकत्र आली तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

दोघंही वाहक असाल तर जेनेटिक काउन्सेलरकडे (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याकडे) जोडीनेच जा. बाळाला आजार होण्याचा धोका प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के असतो. 'पहिलं बाळ निरोगी आहे, आता भीती नाही' असं घरचे म्हणतील, ते चूक आहे. काउन्सेलर दोघांच्या डीएनए तपासणीतून जनुकातला नेमका बदल शोधायला सांगतील. तो हाताशी असला तरच साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बाळाचं निदान वेळेत होतं. त्या तपासणीत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तोही विचारून घे.

चांगला काउन्सेलर 'हे करा' असं सांगत नाही. माहिती देतो, निर्णय तुमचा. कोणी दबाव आणला तर सरळ दुसरा शोध. आणि सासूबाईंनी दोष द्यायला सुरुवात केली तर पुढच्या भेटीला त्यांनाही घेऊन जा. जाताना दोघांचे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचपीएलसीचे मूळ रिपोर्ट ने. रक्त चढवलं असेल तर तारीख सांग, त्याने आकडे बदलतात.