आधी ‘कशासाठी’ ते सांग

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा पडवीत बसून तू विचारलंस, “काका, आमचा सहा जणांचा गट मोठ्या पॅनेलमध्ये गेला तर बिघडलं कुठे? सरपंच तरी हटेल.” तुझा चहा निवून गेला आणि मलाही धड उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहितोय.

जुन्या स्वतंत्र पक्षाचं घे. जानेवारी 1959 मध्ये नागपूरला काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून कसण्याचा ठराव केला आणि ऐंशी वर्षांचे राजाजी (माजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी) विरोधात उभे राहिले, त्याच वर्षी त्यांनी हा पक्ष काढला. मिनू मसानी, शेतकरी नेते रंगा सोबत आले. पक्षाचं म्हणणं असं: शेतकऱ्याची जमीन शेतकऱ्याचीच, परमिट-लायसन्सचं राज्य नको, आणि मूळ तत्त्वं सोडून बाकी विषयांत सभासदाला आपापलं मत ठेवायची मोकळीक. 1962 ला 18 खासदार, 1967 ला 44, लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष! मग 1971 ला इंदिरा गांधींविरुद्धच्या बड्या आघाडीत शिरले. चार पक्ष, चार तोंडं, एकमत एवढ्यावरच की इंदिराबाई नकोत. 44 चे 8 झाले. 1974 मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

कशासाठी, बाय? ते सांगायचंच राहिलं.

आपल्याकडे तर कधी सांगितलंच नाही. राजापूर मतदारसंघ आधी समाजवादी नाथ पैंचा, मग समाजवादीच मधू दंडवत्यांचा. आमच्या वाडीत स्वतंत्र म्हणजे खोतांचा आणि राजेरजवाड्यांचा पक्ष. माझे वडीलही त्याची बाजू घ्यायचे ती कुळकायद्यात गेलेल्या जमिनीच्या रागाने. आमच्याच जुन्या कुळाने एकदा पत्र्याची पेटी उघडून फडक्यात गुंडाळलेला सातबारा मला दाखवला होता. दोन्ही हातांनी धरला होता त्याने. त्या कागदाला कोणी हात लावू नये, हेच तर त्या पक्षाचं म्हणणं! मी विशीतला, सगळं वाचलेला, आणि तोंड उघडलं नाही. ते अजून सलतं.

पुढे आमचा तालुक्यातला गट मोठ्या आघाडीत गेला तेव्हा मी एकटा बाहेर राहिलो. हेकट म्हणाले. म्हणू देत. जायला माझी ना नव्हतीच. कशासाठी जातोय ते एका कागदावर लिहा, एवढंच मागत होतो. कोणी लिहिलं नाही. वर्षभरात गटाची पाटीसुद्धा उतरली. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही.

तेव्हा सहा जणांनी बसून एक पान लिहा. उन्हाळ्यात वरच्या वाडीला पाणी कसं देणार, जेटीचं काय, आंब्याच्या कलमांकडे जाणाऱ्या रस्त्याचं काय. मच्छी विकणाऱ्या बायकांना वाचून दाखवा, त्यांना कळलं तरच पुढे. मग पॅनेलवाल्यांसमोर ठेवा. सही करत असतील तर खुशाल जा.

रविवारी ये, पान घेऊन ये. ‘सरपंच नको’ एवढंच लिहून आणलंस तर मी वाचणार नाही.

तुझा,
काका