शेतीला एवढे अनुदान मिळत असताना शेतकरी अडचणीत का?

तुम्ही पुण्यात राहता, कर्नाटकातील चिक्कोडी तालुक्यातील तुमची वडिलोपार्जित जमीन गावातील एकजण वाट्याने (पिकाच्या हिश्श्यावर) करतो आणि तुमच्या वडिलांच्या खात्यावर वर्षाला ६,००० रुपये जमा होतात, असे तुम्ही लिहिले आहे. खत स्वस्त, पंपाची वीज फुकट, वर ही रोख रक्कम. तरीही शेतकऱ्याची तक्रार संपत का नाही, हा तुमचा प्रश्न आहे. मी बेळगाव तालुक्यात मार्कंडेय नदीच्या काठी ऊस आणि सोयाबीन करतो. माझ्या अनुभवाप्रमाणे सरकारचा पैसा खर्च होतो हे खरे, पण तो पोत्याला, पंपाला आणि जमिनीच्या कागदावरील नावाला मिळतो. राबणाऱ्याचा त्यात कुठेच विचार नाही.

युरियाचेच पाहा. ४५ किलोचे पोते सुमारे २६६ रुपयांना मिळते, तर डीएपी या स्फुरद (फॉस्फरस) असलेल्या खताच्या ५० किलोच्या पोत्याला १,३५० रुपये मोजावे लागतात. २०१० साली सरकारने स्फुरद आणि पालाश (पोटॅश) खतांवरील अनुदान ठरावीक करून त्यांचे दर मोकळे सोडले, युरिया मात्र त्यातून वगळला. त्यामुळे हातात पैसे कमी असलेला माणूस युरियाच उचलतो. शेतकरी खत किलोवर मोजत नाही, ‘एकरी दोन पोती’ असे मोजतो, हे ओळखून वापर घटावा म्हणून २०१८ मध्ये ५० किलोचे पोते ४५ किलोचे केले. आमच्या गल्लीत तरी त्याचा परिणाम एवढाच झाला की उसाला एक पोते जास्त पडू लागले. गेल्या आडसालीला (पावसाळ्यात लावलेल्या उसाला) माझ्या शेजारच्या शेतातील ऊस युरियाने काळाभोर दिसत होता, पण पहिल्या जोराच्या पावसात तो आडवा झाला, आणि तोडणीच्या टोळीने लोळलेल्या उसासाठी जादा पैसे मागितले.

युरियातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटतो. उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार १०.२५ टक्के उताऱ्यावर ठरवते, म्हणजे जे सरकार उतारा घटवणारे खत स्वस्त ठेवते तेच उताऱ्यावर दर देते. त्यात उतारा धरतात तो संपूर्ण कारखान्याचा, त्यामुळे जपून खत टाकणाऱ्यालाही इतरांच्या युरियाची किंमत मोजावी लागते. हे मला सर्वांत जास्त लागते.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २००८ पासून बिल नाही. पण पंपाला लागणारी थ्री-फेज वीज ठरावीक तासच येते, तीही बऱ्याचदा रात्री, म्हणून लोक वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर लावून झोपतात आणि पाणी सकाळपर्यंत वाहत राहते. कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड (क्षार साचून नापीक) होण्यामागे हे अतिपाणीही आहे.

आता तुमच्या ६,००० रुपयांकडे येतो. तो केंद्राच्या पीएम-किसान योजनेचा हप्ता, आणि तो १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावावर होती त्याला मिळतो. आमच्याकडे कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्यातील १९७४ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनी मिळाल्या, हे फार मोठे काम झाले. पण त्याच कायद्याने शेतजमीन खंडाने देण्यावर बंदी आल्यामुळे आज वाट्याने करणाऱ्याचा व्यवहार तोंडीच राहतो आणि त्याचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही. आमच्या शेजारच्या काकू नवरा गेल्यापासून दोन एकर वाट्याने करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेयचे पाणी आठवडाभर त्यांच्या सोयाबीनमध्ये उभे होते. पाणी ओसरल्यावर मी त्यांच्याबरोबर बांधावर गेलो, तेव्हा झाडे मुळासकट हातात येत होती आणि कुजका वास रस्त्यापर्यंत येत होता. बियाण्याचे पैसे त्यांनी बचत गटातून उचललेले होते. पंचनामा झाला, भरपाईही आली, पण आरटीसीवर (कर्नाटकातील सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर) नाव मालकाचे असल्यामुळे ती त्याच्या खात्यात गेली. अधिकाऱ्याला दोष देता येत नाही, त्याच्यापुढे दुसरा कागदच नव्हता.

अनुदान बंद करा असे मी म्हणत नाही. खंडाचा करार नोंदवता यावा, त्यात मालकाची मालकी सुरक्षित राहावी आणि भरपाई कसणाऱ्याच्या नावाने निघावी, एवढा बदल झाला तरी काकूंसारख्यांची बियाण्याची उचल फिटेल. तोपर्यंत, तुमची जमीन जो करतो त्याला यंदा खत आणि बियाण्याला किती खर्च आला हे एकदा विचारा, आणि वडिलांच्या हप्त्यातून त्याला काही देता येते का ते पाहा.