रोज ब्रश करूनही पूडलच्या केसांत जटा का होतात आणि घरच्या घरी काय करता येते

तुम्ही ठाण्याहून लिहिता की तुमचा टॉय पूडल, म्हणजे पूडल या कुरळ्या केसांच्या जातीतला लहान कुत्रा, दहा महिन्यांचा आहे, त्याला रोज संध्याकाळी ब्रश केला जातो, केस वरून मऊ आणि फुललेले दिसतात, आणि तरीही ग्रूमरने, म्हणजे कुत्र्यांचे केस कापून निगा राखणाऱ्याने, कानांमागच्या व काखांतल्या जटा दाखवून सगळे केस उतरवावे लागतील असे सांगितले. यात मला नवल वाटले नाही. ब्रश वरच्या थरावरून फिरतो आहे आणि कातडीपर्यंत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ब्रश किती वेळा केला याला फारसे महत्त्व नाही. धातूचा कंगवा कातडीला टेकवून टोकापर्यंत ओढला असता तो कुठेही न अडकता बाहेर येतो का, हे पाहायचे असते.

लॅब्राडॉरचे किंवा आपल्या गावठी कुत्र्याचे गळलेले केस चादरीवर आणि सोफ्यावर पडतात. पूडलचेही केस गळतात, पण ते कुरळे असल्यामुळे खाली न पडता शेजारच्या केसांतच अडकून राहतात, त्यामुळे ‘पूडलचे केस गळत नाहीत’ हे विक्रेत्यांचे लाडके वाक्य अर्धेच खरे आहे. अडकलेल्या केसांवर घर्षण आणि ओलावा यांचा मारा होत राहिला की गुंता घट्ट होत जातो आणि त्याची जट बनते. त्यातच साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान पिलाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे दाट, राठ केस येतात, आणि हे दोन्ही प्रकारचे केस एकत्र असेपर्यंत जटा सर्वांत जास्त होतात. म्हणजे सहाव्या महिन्यात जी निगा पुरत होती ती आता अपुरी पडणारच, आणि ठाण्याच्या दमट हवेत तर नक्कीच.

साधने दोनच पुरतात. बारीक, किंचित वाकलेल्या तारांचा स्लिकर ब्रश आणि एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला लांब दातांचा स्टीलचा कंगवा. ब्रश घेताना तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर हलका फिरवून पाहावा. तिथे टोचत असेल तर कुत्र्यालाही टोचेल. पैसे वाचवायचे असतील तर ब्रशवर वाचवा, कंगव्यावर नको.

आता मुख्य पद्धत, जिला मी भांग पाडत विंचरणे म्हणतो. कुत्र्याला कुशीवर निजवावे आणि मागच्या पायाच्या पंजापासून सुरुवात करावी. डाव्या हाताने पायावरचे सगळे केस वर उचलून धरावेत आणि खालून जेमतेम बोटभर रुंदीची एक ओळ सोडावी, म्हणजे दोन्हींच्या मधे गुलाबट किंवा करडी कातडी रेघेसारखी दिसू लागते. ती रेघ दिसत नसेल तर ओळ जाड सोडली गेली आहे. त्या ओळीवर प्रथम पाण्याचा आणि थोड्या कंडिशनरचा हलका फवारा मारावा, कारण पूर्ण कोरडे कुरळे केस ओढले की तुटतात. मग मनगट हलके ठेवून लहान लहान झटक्यांनी ब्रश करावा, आधी टोकांकडून आणि मग हळूहळू मुळांकडे जात. शेवटी त्याच ओळीतून कंगवा काढावा आणि तो सरळ निघाला तरच पुढची ओळ खाली सोडावी. एकाच जागी ब्रश घासत राहू नये, त्याने कातडी लाल होते. सगळे अंग एकाच दिवशी करण्याचा हट्टही नको. आज दोन पाय, उद्या पाठ आणि पोट, परवा कान आणि शेपूट असे वाटून घेतले तर कुत्राही कंटाळत नाही आणि माणूसही. तो शांत असतानाच खाऊचा तुकडा द्यावा, धडपडल्यावर नाही.

कानांमागे, काखांत, जांघेत आणि गळपट्ट्याखाली मात्र रोज कंगवा लावावा. तुमच्या कुत्र्याच्या काखांतल्या जटांचे कारण बहुधा हार्नेस, म्हणजे फिरवताना छातीभोवती बांधायचा पट्टा, असावे. तो फिरून आल्याबरोबर काढून ठेवावा, घरात दिवसभर अंगावर राहू देऊ नये. काखांतले आणि जांघेतले केस मुळात बारीक ठेवून घेतले तरी बाहेरून काही दिसत नाही आणि निम्मी कटकट संपते.

झालेल्या जटेला कात्री लावू नये, हे मी निक्षून सांगतो. जट आकसते तेव्हा खालची पातळ कातडी आपल्याबरोबर वर ओढून घेते, त्यामुळे केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही, आणि काखेत किंवा कानाच्या कडेला टाके घालण्याची वेळ येते. लहान जट असेल तर तिच्यावर थोडे कॉर्नफ्लोअर चोळावे, मुळाशी दोन बोटांनी केस घट्ट धरावेत म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि दुसऱ्या हाताने जट चिमटीत धरून तिचे उभे दोन, मग चार भाग करावेत. त्यानंतर कंगव्याच्या शेवटच्या दोन दातांनी टोकाकडून थोडे थोडे उकलावे. पाच मिनिटांत ती सैल होत नसेल किंवा कुत्रा कळवळत असेल तर तिथे केस कापायचे मशीन लावणेच योग्य.

अंघोळीचा क्रम अनेक घरांत उलटा असतो. आधी पूर्ण विंचरावे आणि मगच पाणी घालावे, कारण गरम पाण्यात घुसळलेल्या लोकरी स्वेटरचा जसा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा, होतो तसा ओल्या झालेल्या गुंत्याचा होतो. शॅम्पू कुत्र्यांचाच घ्यावा, तो मगभर पाण्यात पातळ करून वापरावा आणि केसांच्या दिशेने हात फिरवत लावावा. डोक्यावर चोळतो तसा चोळू नये. कंडिशनर लावून तोही स्वच्छ धुऊन काढावा. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी दाबून पाणी टिपावे, आणि ड्रायरची हवा कोमट ठेवून, जिथे हवा लागते आहे तिथेच ब्रश करत केस मुळापासून सरळ वाळवावेत. पंख्याखाली आपोआप वाळू दिले की कुरळे केस एकमेकांत गुंतूनच वाळतात. पावसाळ्यात फिरून आल्यावर ओले पाय आणि पोट यांनाही हाच नियम लागू आहे. शिवाय ओल धरून राहिलेल्या जटांखाली कातडीला संसर्ग होतो आणि गोचीड लपून बसते ती वेगळीच.

खोबरेल तेलाविषयी तुम्ही विचारले आहे. आपल्याकडे केसांच्या प्रत्येक तक्रारीवर तोच उपाय सुचतो, पण इथे तेलाला धूळ चिकटते, गुंता अधिक चिवट होतो आणि कुत्रा ते चाटत बसतो. लावू नये.

राहता राहिला ग्रूमरचा सल्ला. जटा चपट्या होऊन कातडीला सलग चिकटल्या असतील तर त्या तासभर ओढत बसणे हा कुत्र्याचा छळ आहे, आणि केस उतरवून नव्याने सुरुवात करणेच दयेचे आहे. तेव्हा कातडी लाल किंवा ओलसर दिसली तर पशुवैद्यांना दाखवावे. जटांनी जड झालेले कान मोकळे झाल्यावर कुत्रा जोरजोरात डोके झटकतो आणि कधीकधी कानाच्या पाळीत रक्त साकळते, म्हणून पहिले दोन दिवस कानांवर लक्ष ठेवावे. तुमच्या वर्णनावरून जटा फक्त दोन ठिकाणी आहेत, तेव्हा तेवढ्याच जागा मशीनच्या १० नंबरच्या ब्लेडने, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरवर, साफ करून बाकी अंगावर ९ ते १३ मिलिमीटर केस ठेवायला सांगा. ‘थोडे बारीक करा’ असे मोघम न सांगता मिलिमीटरमध्येच सांगा, आणि बदलाचा काळ संपेपर्यंत दर चार ते सहा आठवड्यांनी हीच लांबी राखा. लांब केसांची हौस दीड वर्षानंतर भागवता येईल.