घरच्या सर्व्हरवर कोणती सिस्टीम: ट्रूनॅस, प्रॉक्समॉक्स की साधं डेबियन?

जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन डिस्क. फाइल्स साठवायच्या आणि चार-पाच कंटेनर (आपापल्या डब्यात वेगळी चालणारी ॲप्स) चालवायचे, एवढीच गरज असेल तर माझं मत डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि डॉकरला (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर). व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात चालणारे आभासी संगणक) हवी असतील तरच प्रॉक्समॉक्स घ्या, नाहीतर उगाच एक थर वाढतो. ट्रूनॅस (फाइल साठवणीसाठीची तयार सिस्टीम) २४.१० आवृत्तीपासून कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी गुंतागुंतीची यंत्रणा) सोडून डॉकरवर आलंय, त्यामुळे बरंच सुटसुटीत झालंय. पण ८ जीबी रॅम ही त्याची किमान गरज. मग कंटेनरला काय उरणार?

दोन्ही डिस्क झेडएफएस (एक फाइल सिस्टीम) मिररमध्ये टाका, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहतो. जागा ४ टीबीच मिळेल, पण एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. डिस्क एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली, लिहायला संथ) नाही ना, तेवढं आधी बघा. डिस्क बदलून डेटा पुन्हा भरताना ती रडवते. सिस्टीम वेगळ्या छोट्या एसएसडीवर.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. मी एकदा रात्री झोपेत चुकीच्या फोल्डरवर ‘आरएम -आरएफ’ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) चालवलं. दोन्ही डिस्कवरून फोटो एकदमच साफ! तेव्हापासून एक यूएसबी डिस्क कपाटात असते, रविवारी जोडतो, कॉपी झाली की काढून ठेवतो.