धाकट्या बहिणीचा निर्णय चुकीचा वाटत असेल, तर तिला तसे सांगावे का?

तुमची बहीण स्थिर नोकरी सोडून परदेशी शिकायला जाण्याच्या विचारात आहे, तिने तुमचे मत मागितले आहे आणि तुम्हाला हा निर्णय पटत नाही. तेव्हा स्पष्ट बोलावे की गप्प राहावे, असे तुम्ही विचारले आहे. तिने आपणहून विचारले असल्यामुळे गप्प राहणे मला योग्य वाटत नाही. मात्र बोलण्यापूर्वी, ती गेल्यावर तुमच्या वाट्याला काय येणार आहे, हे तपासून पाहा. आईवडिलांची जबाबदारी तुमच्या एकट्यावर पडणार असेल, तर ती 'तुझ्या भल्यासाठी' या शब्दांआड न लपवता तुमची अडचण म्हणूनच तिच्यापुढे ठेवा.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावानेही मला असेच विचारले होते. त्याच्याजवळ दीड वर्ष पुरेल एवढी शिल्लक होती. "दीड वर्षात हात रिकामे होतील," असे मी त्याला सांगितले. "दीड वर्ष तुला पैशांची चिंता नाही," असेही सांगता आले असते. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ६०० जणांच्या जिवावर उठलेल्या एका काल्पनिक साथीचे उदाहरण लोकांपुढे ठेवले होते. '२०० जण नक्की वाचतील' असे म्हटल्यावर बहुतेकांनी तो उपाय स्वीकारला आणि तोच उपाय '४०० जण मरतील' अशा शब्दांत मांडल्यावर बहुतेकांनी तो नाकारला. तिथे सांगणारे परके होते. माझ्या भावाचा तर माझ्यावर विश्वास होता. मी खोटे काही बोललो नाही, एवढ्यावर तेव्हा समाधान मानले. उद्या तो माझ्याकडेच पैसे मागेल, ही खरी भीती मात्र मी बोलून दाखवली नाही. त्याने माझे ऐकले. (त्याने मला कधी बोल लावला नाही, त्यामुळे माफीचा विषय काढणेही अवघड होऊन बसले आहे.)

जिवाला धोका किंवा उघड फसवणूक दिसत असेल, तर हात धरून थांबवावे. तुमच्या बहिणीची गोष्ट तशी नाही. तेव्हा तुम्हाला नक्की ठाऊक असलेले आणि नुसते वाटणारे वेगवेगळे सांगा, तेही एकदाच. बेत फसून ती परत आली, तर तुमच्या घरात तिला जागा असेल की नाही, हेही आत्ताच सांगून टाका. निर्णय घेताना तुमच्या मतापेक्षा तिला तेच अधिक उपयोगी पडेल.