नऊ वर्षांचा आहे, रुळेल

तुझा प्रश्न रविवारी वाचला. तेव्हापासून तीनदा उत्तर लिहायला बसले आणि उठले. ॲमस्टरडॅमला नोकरी मिळालीय, फ्लॅटची भाडी ऐकून डोळे पांढरे झालेत आणि शंभरेक वर्षांचं एक मालवाहू जहाज, आत घर केलेलं, विक्रीला दिसलंय, तर ‘ताई, घ्यावं का?’ असं विचारलंयस. बोटीबद्दल अकरा प्रश्न आहेत, मी मोजले. मुलाबद्दल शेवटी एक ओळ: ‘नऊ वर्षांचा आहे, रुळेल.’ त्या एका ओळीपायी हे एवढं लिहितेय.

व्हिसा, कर, आरोग्यविमा यांची माहिती सरकारी साइटवर धड मिळते. आधी बोट.

आमचं 1926 चं लक्समोटर आहे. चोवीस मीटर लांब, पावणेपाच मीटर रुंद. शिडं जाऊन इंजिनं आली त्या काळातला हा प्रकार. मागच्या बाजूला नावाड्याच्या कुटुंबाचं घर, ते आधीच्या जहाजांपेक्षा ऐसपैस, म्हणून नावात ‘लक्स’. पुढे लांबलचक पोट, त्यात माल भरायचा. आम्ही राहतो ते त्या पोटात. खिडकी उघडली की बदक नाकासमोर.

बघायला जाशील तेव्हा सोफे आणि लाकडी जमीन बघून भुलू नकोस. नोंदणी झालेल्या जहाजाच्या अंगावर एक नंबर ठोकलेला असतो. आकडा, मग ‘बी’ अक्षर, मग नोंदणी कार्यालयाच्या गावाचं आखूड नाव आणि वर्ष. तो कागदाशी ताडून बघ. आणि बोट पाण्याबाहेर काढून तळाची जाडी मोजल्याशिवाय सही करू नकोस. आमच्या विमा कंपनीला किमान चार मिलिमीटर हवी होती, पाच ठिकाणी कमी भरली. तिथं बाहेरून नवा पत्रा चढवायचा ठरला. बाहेर वेल्डर, आणि आत माझा नवरा पाण्याची बादली नि ओलं गोणपाट घेऊन उकिडवा बसलेला, कारण बाहेर ठिणगी पडली की आतला रंग, लाकूड, सगळं धुमसायला लागतं. दोन दिवस तो वास स्वेटरमधून गेला नाही.

दुसरं म्हणजे, तू बोट कमी आणि जागा जास्त विकत घेतोयस. बोट बांधून ठेवायच्या जागेला लिखप्लाट्स म्हणतात, तिचा नगरपालिकेचा परवाना लागतो, आणि शहरात कित्येकदा बोटीपेक्षा जागाच महाग पडते. परवाना आपल्या नावावर होणार हे लेखी हातात येईपर्यंत भाड्याचं घर सोडू नकोस. आम्ही सोडलं. मग नगरपालिकेतली एक खिडकी म्हणे परवाना आल्याशिवाय पत्त्याची नोंद होत नाही, दुसरी म्हणे परवान्याच्या अर्जावर सध्याचा पत्ता लिहा. (शहराचं नाव लिहीत नाही. इथं मराठी माणसं मोजकीच, लगेच ओळखतील.) सात आठवडे आम्ही कुठेच राहत नव्हतो. इथं पत्ता नाही म्हणजे माणूस नाही. बँकेची पत्रं, शाळेची पत्रं, सगळी जुन्या घरमालकाच्या पेटीत.

स्वयंपाकाचं विचारलंयस. कर. फक्त पोलादाला घाम फुटतो. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की छताच्या कोपऱ्यातून थेंब. वरचं झडपेचं तावदान, त्याला हे लोक ‘कूकूक’ म्हणतात, ते जानेवारीतसुद्धा उघडावं लागतं. माझी लग्नातली पैठणी कपाटात बुरशीनं गेली. ती भारतातच ठेव. म्हणजे, बायकोला सांग.

आता ती ओळ.

माझी मुलगीही नऊ वर्षांचीच होती. 2014 ला आलो. इथं प्राथमिक शाळेच्या आठव्या वर्षी, साधारण बाराव्या वर्षी, शाळा सांगते की मूल पुढे कोणत्या वाटेनं जाईल. व्हीएमबीओ म्हणजे व्यवसायाकडे, हावो मधली, व्हीडब्ल्यूओ विद्यापीठाकडे. नऊ वर्षांच्या पोराला त्यासाठी तीन वर्षं मिळतात, आणि त्यातलं एक नुसतं भाषा समजण्यात जातं. आमच्या वेळी आधी शिक्षकांचा सल्ला आणि मग एप्रिलमध्ये परीक्षा. परीक्षेत वरचा निकाल आला तर शाळेनं फेरविचार करायचा, बदलायलाच हवं असं नाही. 2024 पासून परीक्षा लवकर होते आणि वरचा निकाल आला तर सल्ला सहसा वर न्यावाच लागतो. तुझ्या मुलाला तो नियम मिळेल. आमच्या मुलीची परीक्षा हावोची आली. शाळेनं फेरविचार केला आणि व्हीएमबीओच ठेवलं. कारण, घरी डच बोलत नाहीत.

हे मी इतकी वर्षं सगळ्यांना असंच सांगत आले, शाळेनं अन्याय केला म्हणून. पण तुला घाईघाईत सगळं विकून येताना बघून उरलेलंही सांगते. तो 2017 चा फेब्रुवारी. बोट धक्क्यावर चढवलेली होती. त्याआधीच्या पालकसभेला मी गेलेच नाही, वेल्डर येणार होता. सल्ल्याच्या दिवशी दहा मिनिटांची वेळ होती, मी तळाला लावायच्या काळ्या रंगाची नखं घेऊन त्या बुटक्या खुर्चीत बसले. बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. मी वाचला, ‘थँक यू’ म्हटलं आणि उठले. थँक यू! तळाच्या प्रत्येक पत्र्याची जाडी मला तोंडपाठ होती, आणि पोरीच्या वर्गात काय चाललंय ते मी त्या कागदावर वाचलं.

तिनं पुढे चार वर्षं व्हीएमबीओ, मग दोन वर्षं हावो असं करून गाठलं. ‘आई, मला काही वाटत नाही गं,’ म्हणते. ते आणि मराठीत म्हणते, म्हणजे माझ्यासाठी म्हणते.

एकटेपणा? असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त. कामाला लागलं की जातो.

नाही, सगळा जात नाही. मी चिपळूणची. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी गावात शिरली तेव्हा आई शेजाऱ्यांच्या माडीवर होती आणि तिचा फोन बंद. आठवडाभर आधी इथं दक्षिणेला लिंबुर्गमध्ये पूर येऊन गेला होता. पण आम्ही राहतो ते पाणी राईनलँडच्या पाणीमंडळाचं, पंप लावून समुद्रसपाटीच्या साठेक सेंटिमीटर खाली राखलेलं, ढळत नाही. बोट बांधलेल्या दोराची गाठ वर्षानुवर्षं तीच आहे. त्या रात्री पाणी खिडकीपलीकडे ताटात ठेवल्यासारखं स्थिर, आणि मी फोन लावतेय. दुसऱ्या दिवशी आईचा आवाज आला. म्हणाली, ‘तुमच्या होडीत नाही ना शिरलं?’ ती कधी इथं आली नाही. आयुष्यभर पाण्याला घाबरून पोटमाळ्यावर ट्रंका ठेवल्या, आता पाण्यात राहायला कशाला येऊ, असं तिचं म्हणणं.

बोट घे की नको, ते मी सांगणार नाही. नंबरचा फोटो पाठव, जाडीचा अहवाल पाठव, बघून देईन. आणि मुलाला आत्ताच पोहायला घाल, उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघू नकोस. इथल्या मुलांना पोहण्याचा ‘ए’ डिप्लोमा साधारण सहा-सात वर्षांचं असताना मिळतो. त्यात कपडे आणि बूट घालूनही पोहून दाखवायचं असतं. माझी मुलगी दहाव्या वर्षी बसली. रांगेत सगळी तिच्या खांद्याच्या खाली, भिजलेल्या टी-शर्टमध्ये कुडकुडणारी. मी काचेपलीकडून फोटो काढत हात हलवत होते. तिनं पाहिलं, आणि पायातल्या बुटांकडे बघत राहिली.