गोल्फ शिकतोय, सहा महिने झाले, स्कोअर ११० च्या खाली येत नाही. धीर कसा धरायचा?

सहा महिने म्हणजे गोल्फमध्ये काहीच नाही हो! टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकली आणि मग त्याचा प्रशिक्षक बुच हार्मनबरोबर स्वतःचा स्विंग मोडून नव्याने बसवायला घेतला. १९९८ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) त्याच्या नावावर एकच विजय. १९९९ मध्ये आठ. त्याला वेळ लागला, तर आपली काय कथा.

एकेका राउंडवरून स्वतःला जोखू नका. हँडिकॅपसुद्धा (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) शेवटच्या २० राउंडपैकी सर्वोत्तम ८ वर काढतात, म्हणजे वाईट दिवस नियमातच गृहीत धरलेत.

दुसरं, सराव कशाचा करता? रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बादलीभर चेंडू घेऊन ड्रायव्हर (लांब फटक्यांची काठी) बडवायचा, शेवटचे वीस तर थकल्या हातांनी, हे मीही दीड वर्ष केलं. पार ७२ च्या, म्हणजे १८ होलसाठी ७२ फटके अपेक्षित असलेल्या कोर्सवर त्यात प्रत्येक होलला दोन पट्स (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायचे हलके फटके) धरलेले असतात. झाले की ३६, म्हणजे निम्मे! मग मी पटिंग ग्रीनवर तीन फुटांवरून लागोपाठ दहा चेंडू घालायचे ठरवलं. नववा हुकला की पुन्हा एकपासून. पहिल्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत जमलं नाही, माळी हसत होता. पण वहीत रोजचा आकडा लिहीत गेलो आणि सुधारणा तिथे आधी दिसली, स्कोअरकार्डवर बऱ्याच उशिरा.

आणि चिडलात तर पुढचा फटका मारण्याआधी हातमोजा काढून पुन्हा घाला. मला तरी तेवढा वेळ पुरतो.